तेलाखाली ठेवलेली पानं

बाबा, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. आज वाटतंय ते प्रेमाचं भरतं आलंय म्हणून नाही. मी घाबरले आहे. घाबरलेल्या माणसाला काय होतं हे आपल्या घरात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही आयुष्यभर घाबरलेलेच होतात. आई म्हणायची, "ह्येंका सगळ्यात इख दिसता." दुधात, लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्यात, शेजारून आलेल्या वाटीभर आमटीत तुम्हाला विष दिसायचं, आणि आम्ही तोंडाला पदर, फ्रॉक, जे हाताला येईल ते लावून हसायचो. आता माझ्या हातचा एक पदार्थ काही माणसांच्या पोटात गेला आहे, आणि तो विषारी होता की नव्हता हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. म्हणून वाट बघत बसले आहे, आणि हात रिकामे राहू नयेत म्हणून लिहिते आहे.

आधी तुम्हाला आमची शेती समजावून सांगायला हवी. शेती म्हणजे काय, तर मुलुंडच्या एका इमारतीतली चौथ्या मजल्यावरची बाल्कनी. हे निवृत्त झाले आणि घरात बसून माझ्या फोडणीत चुका काढायला लागले, तेव्हा मीच म्हटलं की काहीतरी हातात घ्या. त्यांनी पाण्यावरची भाजी घेतली. माती अजिबात नाही. पांढरे प्लास्टिकचे पाइप एकावर एक आडवे बसवलेत, त्यांना भोकं, भोकात जाळीचे पेले, पेल्यात नारळाचा भुसा आणि त्यात रोप. खाली टाकी आहे, त्यातलं पाणी मोटरीनं वर चढतं आणि पाइपांतून फिरत राहतं. खत त्या पाण्यातच मिसळायचं. किती मिसळलंय ते सांगणारं पेनासारखं एक यंत्र आहे, ते हे सकाळी चहाच्या आधी टाकीत बुडवून बघतात आणि आकडा मनासारखा नसला तर चहा गार होतो. तुम्ही आला असतात तर आधी त्या टाकीवर बोटानं टकटक केली असती. मग म्हणाला असतात, मातीशिवाय आलेली भाजी खातात का?

पिकवणं काही कठीण नाही, बाबा. कठीण आहे ते पुरवून खाणं. बाजारात आपण जुडी आणतो, इथे पालक, कोथिंबीर, पुदिना, ती सॅलडची पानं, सगळं एकदम अंगावर येतं, आणि घरात माणसं दोनच. त्यातून ही पानं पाण्यावर वाढलेली, नुसती लुसलुशीत. बाजारची कोथिंबीर दोन दिवस उघड्यावर राहते, आमची दुपारी काढली तर संध्याकाळी मान टाकते. मग मी एकेक युक्ती शिकत गेले. सॅलडचा गड्डा मुळासकट काढायचा आणि मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, तो जास्त टिकतो. कोथिंबीर न धुता कागदात गुंडाळून डब्यात. पालक उकळत्या पाण्यातून काढून, गार पाण्यात टाकून, पिळून त्याचे लाडू करायचे आणि बर्फाच्या कप्प्यात घालायचे. पुदिना पंख्याखाली सुकवून चुरडायचा. हे सगळं मला आवडायला लागलं. ऑफिसात आयुष्य काढलेल्या बाईला म्हातारपणी आपण सुगरण आहोत असा शोध लागला की ती जरा चेकाळतेच.

त्या पाइपांत हे बेसिल लावतात. आपल्या तुळशीचीच परदेशातली बहीण, पान मोठं, वास गोड. ती एवढी माजली की बाल्कनीचं दार लागेना. फ्रीजमध्ये ठेवली तर पानं काळी पडतात, सुकवली तर वास जातो. मग मी तिचा ठेचा केला. भरपूर पानं, ओला लसूण, चार हिरव्या मिरच्या, शेंगदाणे. मीठ नावापुरतं, कारण ह्यांना रक्तदाब. लिंबू पिळलं नाही, कारण लिंबानं हिरवा रंग उतरतो आणि मला तो रंग हवा होता. दोन काचेच्या बरण्या भरल्या, वरून बोटभर तेल ओतलं आणि ओट्यावर ठेवून दिल्या, कारण फ्रीजमध्ये सॅलडच्या गड्ड्यांनी जागा सोडली नव्हती. वर तेल असलं की आत काही शिरत नाही, हे मी आईकडून शिकले होते. आईची लोणच्याची बरणी वर्षभर मोरीच्या वरच्या फळीवर असायची आणि कधी बुरशी म्हणून धरली नाही. पण आईच्या बरणीत मूठमूठ मीठ होतं, कैरीचा आंबटपणा होता, उन्हात सुकवलेल्या फोडी होत्या. मी त्यातलं सगळं काढून टाकलं आणि तेल तेवढं ठेवलं. हे मला आज इतकं स्वच्छ दिसतं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यातली एक बरणी माझी नव्हती. समोरच्या वहिनींची होती. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिच्यासाठी त्यांनी मोरावळा केला, त्यातला थोडा मला या बरणीतून पाठवला होता. आईनं आम्हाला लहानपणी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली असेल तर ती ही, की "रिकामा भांडा परत धाडूचा नाय. घरात काय नसला तर चिमूटभर साखर घाल." तुम्हाला आठवत असेल, आपल्या चाळीत वाट्या महिनोन्‌महिने या खोलीतून त्या खोलीत फिरायच्या, कारण कुणीच त्या रिकाम्या परत करायला तयार नसायचं. मी त्या वळणाची. वहिनींची बरणी धुतली, पुसली, ठेच्यानं भरली, चार दिवस आमच्याच ओट्यावर मिरवली आणि मग समोर नेऊन दिली. वर म्हटलं, "पोरीच्या तोंडाला चव येईल." मुलगी दारात आली, पोटावर हात ठेवून हसली. दोनेक दिवसांनी जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, कसा लागला? म्हणाली, "मस्त, काकू. रोज खाते."

परवा सकाळी मी आमची दुसरी बरणी उघडायला घेतली. झाकणावर अंगठा टेकवला आणि तो थांबला. झाकण मधे जरासं वर आलं होतं. अगदी जरासं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण अंगठ्याला कळलं. दाबलं तर खाली गेलं, सोडलं तर टक्‌ करून पुन्हा वर आलं. बाबा, त्या क्षणी तो अंगठा माझा नव्हता, तुमचा होता.

मरोळच्या त्या फळांचे डबे भरणाऱ्या कारखान्यात तुम्ही दिवसभर काय करता ते बघायला मी एकदाच आले होते. शाळेला सुट्टी होती आणि आई गावी गेली होती, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलंत. पत्र्याची मोठी शेड, वाफेचा आणि शिजलेल्या फळांचा वास, ओली फरशी. भिंतीशी गार झालेल्या डब्यांची चळत लावलेली आहे. तुम्ही हातात पेन्सिलीएवढी एक लोखंडी सळई घेऊन प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकदा ठोकता आणि कान देता. टण्‌ वाजला की पुढचा. मधेच एखादा ठप्‌ वाजतो, तो तुम्ही न बघता उचलून बाजूला ठेवता. मला तो खेळच वाटतो. तुमची पाठ वळल्यावर मी बाजूला ठेवलेल्यांतला एक फुगीर डबा घेते आणि त्याचं झाकण दाबून टकटक वाजवत बसते. तुम्ही वळता, आणि माझ्या हातावर असा फटका बसतो की डबा घरंगळत जातो. तुम्ही मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलंत. मग माझ्यासमोर उकिडवे बसलात, तुमचाच चेहरा पांढरा पडला होता, आणि म्हणालात, "ह्येका वास नाय, चव नाय. म्हणान भियाचा." मी रडत होते म्हणून मला ते वाक्य नुसतं ऐकू आलं.

परवा ते कळलं. मोबाइलवर वाचत बसले. त्या जंतूचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहवत नाही. हवा लागली तर तो गप्प असतो. जिथे हवा पोचत नाही, आंबट नाही, मीठ नाही, ऊब आहे, तिथे तो जागा होतो आणि विष करतो. म्हणजे वरून ओतलेलं माझं ते बोटभर तेल त्याच्यासाठी पांघरूणच झालं होतं. वास बदलत नाही, चव बदलत नाही. झाकण फुगेलच असंही नाही. ते विष पोटात गेल्यावर आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही, आणि मग श्वास. हे सगळं लगेच होत नाही, काही दिवस जाऊ शकतात.

ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, मातीच नाही तर मातीतला जंतू येईल कुठून? आणि आपण खाल्लाच की." आपण खाल्ला तो केला त्या दिवशी, ताजा. आणि लसूण काय पाइपात आला होता? तो बाजारातून आला होता, मुळांना माती घेऊन. हे मी बोलले तेव्हा ते गप्प झाले, आणि ते गप्प झालेले बघून मला जास्त भीती वाटली. माणूस वाद घालत असला की बरं असतं.

समोरचं दार आमच्या दारापासून चार पावलांवर आहे. बेल वाजवायची आणि सांगायचं, दिलेलं परत द्या. मी उंबरठ्याच्या आत चप्पल घालून उभी राहिले आणि माझा पाय उचलेना. सगळ्यात पुढे पोरीचं पोट दिसत होतं, पण त्याच्या मागे, बाबा, तुम्ही उभे होतात. मी दहावी पास झाले तेव्हाचे. सगळे पेढे वाटतात, तुम्ही मात्र आमरसाचे डबे वाटलेत. पोचा आलेले डबे कारखान्यातून कामगारांना मिळायचे, ते तुम्ही साठवून ठेवले होतेत. चाळीत कौतुक झालं. मी परकर-पोलक्यात तुमच्याबरोबर दारोदार फिरले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात ते चप्पलही न काढता. कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की हे डबे भरले त्या दिवशी वाफ मधेच कमी पडली होती, डबे पुरते तापले नव्हते. तुम्ही पिशवी घेतलीत, मला म्हणालात, चल. आई दार अडवून उभी राहिली, "दिलेला परत मागतत काय कोणी? लोक काय म्हणतले?" तुम्ही तिच्या हाताखालून गेलात. मग तीच दारं, तीच माणसं. तुम्ही म्हणता, "डबा फोडला नसेल तर परत द्या." कुणी हसतं, कुणी न बोलता डबा आणून आपटतं, एक बाई म्हणते, पोरगी पास झाल्याचा आनंद एका दिवसात उतरला वाटतं. मी जमिनीकडे बघते आहे. दोन घरांनी रस खाल्लेला होता. त्या दोन दारांवरून तुम्ही पुढे कितीतरी दिवस पहिल्या पाळीला जाताना हाक मारत गेलात, आतून ओ आली की मगच जिना उतरायचात. सगळी चाळ तुम्हाला 'परतवाला' म्हणायला लागली. आलेले डबे तुम्ही गटारावर नेऊन एकेक फोडलेत, आणि ते खराब होते की नव्हते हे कुणालाच कधी कळलं नाही.

परवाच मी वाचलं की तो जंतू आंबटात वाढत नाही. आंब्याचा रस त्याला रोखायला पुरेसा आंबट असतो. म्हणजे तुमची ती भीती बहुतेक फुकट होती, बाबा. हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं. उलट तिथेच दारात मला स्वतःची लाज वाटली, कारण तुम्ही फुकट घाबरून दारं वाजवलीत आणि मी खरं कारण असून चप्पल घालून उभी होते.

बेल वाजवली. वहिनींना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना माझी जीभ अडखळत होती, आणि ती भीतीनं की आणखी कशानं, हा विचारही तेवढ्यात येऊन गेला. वहिनी आत धावल्या, पोरीचं तोंड दोन हातांत धरलं, तिला खिडकीशी उजेडात नेलं. "एकाचे दोन दिसतात का गं तुला? गिळून दाखव. पाणी पी." मला एकदा वळून म्हणाल्या, "ताई, काय केलंत हो हे." तो आवाज मी विसरणार नाही. मी भिंतीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, मला काहीही होऊ दे, हिला नको, हिच्या पोटातल्याला नको. पोरगी आमच्या दोघींकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मी खाल्लाच नाही गं तो. मला सध्या लसणाच्या वासानं उलटी येते. काकूंना वाईट वाटेल म्हणून म्हटलं खाते. बरणी आली त्याच दिवशी मी मावशींना देऊन टाकली."

मावशी म्हणजे वहिनींकडे धुण्याभांड्याला येणारी बाई. माझी आणि तिची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरती. वहिनींनी देवाला हात जोडले. म्हणाल्या, "सुटलो गं बाई." आणि मग, डोळे पुसत पुसत, "त्यांना काही होत नाही हो. त्यांना सगळं पचतं." वहिनी वाईट नाहीत, हे मला सांगायला हवं. गणपतीत तिला साडी घेतात, तिच्या पोरांच्या वह्या घेऊन देतात. मी वहिनींकडून पत्ता घेतला. फोन लावला तर लागेना.

रिक्षा शेवटी शेवटी चढावर थांबली, पुढे पायऱ्या. दोन्ही हातांना पत्र्याच्या खोल्या, मधून उघडी मोरी, वर डोंगराची हिरवी कड. मी विचारत विचारत गेले. बाई कामावरून नुकतीच आली होती, दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून गडबडीनं उठली, स्टूल पुसलं. खोलीत पाय ठेवला तर भट्टीसारखी ऊब होती, आणि आपली बरणी, वहिनींची, गॅसशेजारच्या फळीवर घासून पालथी घातलेली होती. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, "चटणी लई भारी होती काकू. तुम्ही केलेली ना? पोरांनी भाकरीबरोबर संपवली. सासूबाईंनी तर नुसती चाटून खाल्ली." मी स्टुलावर बसले. बसून सांगितलं. किती कळलं तिला देव जाणे, पण माझा चेहरा तिनं वाचला. निवडलेले तांदूळ तिनं बाजूला सरकवले. मग म्हणाली, "कधी कळलं तुम्हाला?" मी म्हटलं, आज सकाळी. "मग आता दुपार झाली की," ती म्हणाली. रागावून नाही, नुसतं विचारल्यासारखं. पोरांना हाक मारली, सासूला उठवलं, आणि आम्ही सगळे दोन रिक्षा करून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर पोरसवदा होता. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही, आणि तेच वाईट झालं. त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, घोट घोट पाणी प्यायला लावलं, हात वर करून धरायला लावले. आत्ता काही दिसत नाही म्हणाला. पण पापणी जड झाली, बोलताना अडखळलं, गिळताना ठसका लागला तर रात्र-दिवस न बघता मोठ्या हॉस्पिटलात न्या, आणि काय खाल्लं होतं ते पहिल्यांदा सांगा. शिल्लक बरणी तशीच बंद ठेवा, लागली तर तपासायला येईल. ती आता आमच्या बाल्कनीत, पिशवीत पिशवी, पाइपांच्या खाली आहे. वरती तीच बेसिल डोलते आहे, मोटर चालू आहे, पाणी फिरतं आहे. हे सकाळी टाकीतला आकडा बघायचे थांबले आहेत.

काल गेले, आज पुन्हा जाऊन आले. काहीतरी निमित्त लागतं म्हणून केळी नेते. पोरं धावत येतात, मी त्यांच्याशी मुद्दाम लांबलचक बोलते, शाळेतली कविता म्हणायला लावते आणि शब्द कुठे जड होतो का ते ऐकत राहते. तुम्ही सळई मारून कान द्यायचात तसं. धाकटी आज एका ओळीत अडली. मी तिच्या पापण्या बघितल्या. तिला पुढची ओळ पाठच नव्हती. म्हातारीचं मात्र मला कळत नाही. ती भिंतीला टेकून बसते, डोळे अर्धे मिटलेले. मी विचारलं, ह्या नेहमी अशाच बसतात? बाई म्हणाली, "वय झालं काकू, डोळे असेच आहेत त्यांचे." मग स्वतःच थांबली आणि सासूकडे निरखून बघायला लागली. तिच्या डोळ्यांत ती भीती मी जाऊन ठेवली आहे. आता ती भांडी घासता घासता फोन करून सासूला ओ द्यायला लावत असेल.

त्या पायऱ्या उतरताना आज मला एकाएकी आठवलं. तुम्ही एक डबा चाळीची झाडलोट करणाऱ्या बाईलाही दिला होतात. मीच तो तिच्या हातात दिला होता, ती अंगणात उभी होती, तिनं माझ्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली होती. परत मागायला निघालो तेव्हा आपण प्रत्येक खोलीत गेलो. तिच्याकडे गेलेलं मला आठवत नाही. ती लांब राहायची, मरोळ नाक्याच्या पलीकडे कुठेतरी. कदाचित मला घरी सोडून तुम्ही एकटे गेला असाल. तुमचा स्वभाव बघता गेलाच असाल, असं मी स्वतःला सांगते. ती नंतर दिसत होती का, हेही मला आठवत नाही, आणि त्या वयात मी ते बघितलंही नसणार. आज तुम्ही असतात तर मी दुसरं काही विचारलं नसतं. एवढंच विचारलं असतं, की तिच्याकडे गेला होतात का?

पण विचारायचा मला हक्क आहे का, हे मला ठरवता येत नाही, आणि हे पत्र कुणाच्या हाती जाणार नाही म्हणूनच पुढचं लिहिते. ह्यांना सांगितलेलं नाही. त्या बाईला तर नाहीच. पोरगी म्हणाली, मी खाल्ला नाही, मावशींना दिला, आणि वहिनी म्हणाल्या, सुटलो. मी वर लिहिलं की मी पत्ता घेतला. पत्ता मी नंतर घेतला. आधी मी वहिनींच्या सोफ्यावर बसले आणि माझ्याही मनात आलं, सुटलो. वहिनींनी चहा टाकला. आलं घालून, दोघींचा. आम्ही बोललो, पोरीच्या तारखेबद्दल, कुठल्या डॉक्टरकडे नाव घातलंय त्याबद्दल, आणि मी एकदा हसलेसुद्धा. चहा गरम होता, म्हणून मी तो सावकाश प्यायले, बाबा. सगळा प्यायले, आणि मग मला ती बाई आठवली.